ओरेस्तेचा कान

माझा नवरा सकाळभर स्वयंपाकघरात बसून घेवड्याच्या शेंगा सोलतो आणि धड सोलत नाही. दाणे टरफलांत जातात, टरफलं दाण्यांत, आणि मी काही बोलले की म्हणतो, ‘एलिदे, शेवटी सूपच करायचंय ना?’ जन्मभर पहाटे घराबाहेर पडणारा माणूस असा घरी बसला की बायकोला दुसरं घर शोधावंसं वाटतं. पण घराबद्दल मी तोंड न उघडलेलंच बरं. या घरासाठी आम्ही काय मोजलं ते मला फार उशिरा कळलं.

त्याचं नाव ओरेस्ते. आमचं गाव कियोजाच्या खाली, पो नदी फाटे फुटून समुद्राला मिळते तिथं आहे. इथं अर्ध्या लोकांचं आडनाव तियोत्सो आणि उरलेल्यांचं बोस्कोलो, त्यामुळे प्रत्येक घराला टोपणनाव लागतंच. कुणी ‘लाल’, कुणी ‘पावखाऊ’, माझ्या माहेरचे ‘रडके’. ओरेस्तेला मात्र घराण्याचं नाव चिकटलं नाही. त्याला सगळे ‘कान’ म्हणतात, पोस्टमनसुद्धा.

याचं कारण त्याचं काम. आमच्याकडे मासळीचा लिलाव ओरडून होत नाही. बोटी धक्क्याला लागल्या, पेट्या फरशीवर मांडल्या, की व्यापारी लिलाव करणाऱ्यापाशी जातो, तोंडाआड हात धरतो आणि त्याच्या कानात आपला भाव सांगतो. मग दुसरा जातो, मग तिसरा. एकाचा भाव दुसऱ्याला कळत नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. सगळ्यांचं सांगून झालं की लिलाव करणारा फक्त एक नाव घेतो, ज्यानं जास्त सांगितलं त्याचं. ते ऐकायचं आणि आपापल्या वाटेनं जायचं. हरलेल्यानं ‘किती कमी पडलो?’ असं विचारायची पद्धत नाही. विचारलं तरी उत्तर येत नाही.

आता बघा, यात लिलाव करणाऱ्यानं खोटं नाव घेतलं तर ते कुणाला कळणार? कुणालाच नाही. म्हणून हे काम कुणालाही देत नाहीत. ओरेस्तेकडे ते त्याच्या मामाकडून आलं, आणि मामानं स्वतःची मुलं सोडून याला निवडलं, त्यावरून घरात जे महाभारत झालं ते मी लग्नाआधीच ऐकून होते.

ओरेस्ते ताडमाड उंच आहे आणि आमचे व्यापारी बहुतेक बुटके. वर्षानुवर्षं उजवीकडे वाकून वाकून त्याची मान तशीच राहिली आहे. ऐकलं की तो एकदा पापण्या मिटतो, बाकी चेहऱ्यावर काही नाही. गावात कुणाचं काय चाललंय हे त्याला पाद्रीबाबांपेक्षा जास्त ठाऊक असायचं. कोण कर्जात बुडालाय आणि तरी बढाया मारतोय, कुणाला मोठ्या हॉटेलची ऑर्डर आलीय, कोण सख्ख्या भावाचा काटा काढायला मुद्दाम चढा भाव सांगतोय. पाद्रीबाबांना लोक ईस्टरच्या आधी एकदा सांगतात, याला रोज सांगायचे.

आणि घरी मला काय सांगायचा? ‘मासळी आली, मासळी गेली.’ बेकरीत बायका मला कोपऱ्यात घ्यायच्या, काल बोई मासळी कितीला गेली ते विचारायच्या, वर पिशवीत गरमागरम पाव सरकवायच्या. मी पाव घ्यायचे. सांगायला माझ्याकडे काही नसायचंच. लग्नानंतर पहिली काही वर्षं मला याचा राग यायचा, मग कंटाळा आला आणि मग, खरं सांगायचं तर, अभिमान वाटायला लागला. तसं मी त्याला कधी म्हटलं नाही, उगाच डोक्यावर बसला असता.

एकदा त्याचा सख्खा भाऊ एका पेटीसाठी बोली लावायला आला. चांगली मोठी मासळी होती आणि भावाला ती मुलीच्या लग्नाच्या जेवणासाठी हवी होती. ओरेस्तेनं दुसऱ्याचं नाव घेतलं. भाऊ चार नाताळ आमच्याकडे जेवायला आला नाही. मी डोकं आपटलं, अरे एक पेटी, मुलीचं लग्न, कुणाचं काय बिघडलं असतं? ओरेस्ते म्हणाला, त्याचा भाव कमी होता. एवढंच.

हे घर तेव्हा आमचं नव्हतं. खाली दोन खोल्या, वर दोन, दारासमोर कालवा. हिवाळ्यात भरतीचं पाणी चढलं की स्वयंपाकघरात घोट्याएवढं येतं आणि भिंतीवर मिठाची रेघ उठवून जातं. दर वसंतात मी ती रेघ खरवडली आहे आणि वर चुना मारला आहे. मुलगा इथं वाढला, सासू इथं गेली. मालकीण होती म्हातारी आसुन्ता, एकटी, पलीकडच्या गल्लीत राहायची. भाडं नेहमी थोडंच घ्यायची आणि वर म्हणायची, ‘घर तुमचंच आहे गं, माझ्यामागं कोण आहे?’ तिच्या मागं तीन भाचरं होती. ती मेली तेव्हा कळलं की म्हातारीनं कागदावर एक ओळ लिहिली नव्हती.

भाचरं एका शनिवारी आली. पादोव्हाची लोरेदाना आणि तिचे दोन भाऊ. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून तिघं एकमेकांकडे पाठ करून बोलत होती. लोरेदानाला घर पादोव्हाच्या दलालाकडे द्यायचं होतं. थोरल्या भावाला संशय की दलाल तिच्या ओळखीचा. धाकट्याला दोघांचाही संशय. तासभर हे चाललं. मी कॉफी केली, ती गार झाली. शेवटी थोरला म्हणाला, ‘आपले आजोबा मासळी कशी विकायचे? कानात. तसंच विकू. गावातला असो, बाहेरचा असो, ज्याला हवं त्यानं येऊन सांगावं. आणि ऐकायला सिओर ओरेस्ते.’

त्या एका नावावर तिघांचं एकमत झालं. त्या दिवशी त्यांचं दुसऱ्या कशावर एकमत झालं नाही.

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं.

‘नाही म्हणून सांग,’ मी म्हणाले. ‘तू बोली लावणाऱ्यांत हवास. स्वतःच्याच कानात कसा सांगशील?’

‘तू सांग.’

‘मी?’

‘का? तुझ्या तोंडाला काय झालंय?’

मी रागावले होते, तरी हसू आलं. मग त्यानं मला नीट समजावलं. त्यानं नाही म्हटलं तर हे तिघं दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवणार नाहीत, किल्ल्या सरळ दलालाच्या हातात जातील, आणि दलाल इथं उन्हाळी पाहुण्यांना खोल्या देईल. ईस्टरपर्यंत आम्ही रस्त्यावर. लिलाव झाला तर निदान आम्हाला संधी होती. त्यानं लोरेदानाला फोन करून स्पष्ट सांगितलं की माझी बायको बोली लावणार आहे, तुम्हाला चालत नसेल तर आत्ताच बोला. ती म्हणाली, ‘सिओर ओरेस्ते, तुमच्याबद्दल आम्ही लहानपणापासून ऐकलंय.’ फोन ठेवल्यावर तो बराच वेळ तिथंच उभा राहिला. मला वाटलं त्याला बरं वाटलं असेल.

मग आम्ही, म्हणजे मी, गोळाबेरीज सुरू केली. साठवलेलं होतं ते काढलं. माझ्या आईचं सोनं विकलं. मुलगा जर्मनीत आइसक्रीमच्या दुकानात राबतो, त्यानं लग्न पुढं ढकलून पाठवलं, आणि मी ते घेतलं. आकडा मी इथं लिहिणार नाही. इतकी वर्षं कानाबरोबर संसार केल्यावर तेवढं मलाही जमतं. ओरेस्तेनं तो आकडा स्वतःही ऐकला नाही. मी आणि मुलगा फोनवर हिशेब करायला लागलो की तो उठून धक्क्यावर जायचा. म्हणायचा, मला तो तिथंच कळू दे, बाकीच्यांचा कळेल तसा.

गावातून बोली लावणारा आणखी एकच होता, सेवेरिनो. दोन बोटींचा मालक, पण ओरेस्तेबरोबर उघड्या पायांनी शाळेत गेलेला. त्याची मुलगी काटिया नवऱ्याला सोडून दोन पोरींसह माहेरी आली होती आणि सेवेरिनोच्या बाहेरच्या खोलीत तिघी एका पलंगावर झोपायच्या. तो स्वतः आमच्याकडे आला, टोपी हातात घेऊन. म्हणाला, ‘मीही सांगणार आहे. राग धरू नका. पोरीला छप्पर हवंय.’

ओरेस्तेनं त्याच्यासाठी वाइन ओतली. ‘तू सांग रे. माझं काम ऐकायचं.’

मला सेवेरिनोचा राग आला नाही. आला असता तर सोपं गेलं असतं. काटियाला मी लहानपणी मांडीवर घेतलं होतं.

लिलाव सोमवारी सकाळी ठेवला, कारण सोमवारी मासळीबाजार बंद असतो. फरशी धुतलेली होती, तरी वास होताच. तो कधी जात नाही. अर्धं गाव भिंतीला टेकून उभं. भाचरं तिघं तीन कोपऱ्यांत. दलाल आला, बारीक टोकाचे बूट घालून. त्याला पद्धत समजावून सांगितली तर तो हसला आणि उभ्या जागेवरूनच आकडा बोलायला लागला. बाजारभर एकच गलका झाला. शेवटी बिचारा लाजत लाजत ओरेस्तेपाशी गेला, टाचा उचलून कानात काहीतरी बोलला आणि मागं येऊन रुमालानं मान पुसू लागला. मागून कुणीतरी म्हणालं, ‘आता कान धुवावा लागणार.’ सगळे हसले. ओरेस्ते हसला नाही.

दुसरी मी गेले. पेट्या मांडायच्या त्या मोकळ्या जागेतून एकटीनं चालत जाणं सोपं नाही, सगळे बघत असतात. ओरेस्ते माझ्यासमोर वाकला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझं ऐकायला तो असा कधी वाकला नव्हता. घरी मी बोलत असते, तो वर्तमानपत्र वाचत असतो. मी हात आडवा धरला आणि आकडा सांगितला. सगळाच सांगितला, स्वतःजवळ काही ठेवलं नाही. त्यानं पापण्या मिटल्या. सूपमध्ये मीठ कमी आहे हे मला त्याच्या कपाळावरून कळतं, पण त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर मला काही वाचता आलं नाही.

माझ्यानंतर सेवेरिनो. तोही बोलला आणि खाली बघत बाजूला झाला.

एरवी ओरेस्ते नाव घ्यायला वेळ लावत नाही. शेवटचा माणूस बाजूला व्हायच्या आत त्याच्या तोंडातून नाव निघालेलं असतं, कारण मासळीला वेळ नसतो. त्या दिवशी तो थांबला. लोक खोकले, कुणीतरी बाहेर जाऊन सिगारेट विझवून आलं. लोरेदाना घड्याळ बघायला लागली. मी मनात म्हटलं, गेलं घर. तो मला सांगायला घाबरतोय. आणि मी तुम्हाला सांगते, त्या वेळी मला घरापेक्षा त्याचीच कीव आली. सगळ्या गावादेखत बायकोला रस्त्यावर काढायचं त्याच्या नशिबी आलं होतं. तो तेच करणार याबद्दल मला शंका नव्हती. भावाच्या पेटीचं मी विसरले नव्हते.

‘एलिदे,’ तो म्हणाला. रोजच्या आवाजात, बोईच्या पेटीसाठी म्हणतो तसं.

मी रडले. आम्ही ‘रडके’च आहोत, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. बायकांनी मला मिठ्या मारल्या. सेवेरिनो गर्दीतून आला, माझा हात हातात घेऊन म्हणाला, ‘बरं झालं. मला मिळालं नाही तर तुम्हालाच मिळावं असं वाटत होतं.’ त्याचे डोळे लाल होते. दलाल केव्हा गेला ते कळलंही नाही. मी वळून ओरेस्तेला शोधलं तर तो भिंतीवरची नळी सोडून धुतलेलीच फरशी पुन्हा धुवत होता.

नोटरीकडे सह्या झाल्या. घर आमचं झालं. मी सगळ्या खिडक्यांना हिरवा रंग दिला, आमच्या पैशानं आणि आमच्या घराला. आणि महिनाअखेरीस ओरेस्तेनं काम सोडलं.

आधी मला काही बोलला नाही. सहकारी संस्थेच्या कचेरीत गेला, रबरी बूट आणि एप्रन टेबलावर ठेवला आणि घरी आला. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, कान थकला. मी घाबरले. त्याला कियोजाच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. डॉक्टरनं यंत्र लावलं, घंट्या वाजवल्या आणि म्हणाला, सिओरा, यांना विशीतल्या पोरासारखं ऐकू येतंय. झालं, मग मी त्याला धारेवर धरलं. घरात पैसा नाही, सगळा या भिंतींत गेलाय, पेन्शनीला अजून अवकाश, आणि हा ठणठणीत माणूस बसून राहणार? मी शिंपले निवडायच्या कारखान्यात परत जायला लागले. थंड पाण्यात हात घालून बोटं सुजायची, संध्याकाळी येऊन त्याला ऐकवायचे. आळशी म्हटलं. ऐतखाऊ म्हटलं. घर मिळालं तसं अंग टाकलंस, असं म्हटलं. तो ऐकून घ्यायचा, तेवढं त्याला येतंच.

वाइनच्या गुत्त्यात जाणंही त्यानं सोडलं. लोक विचारायचे, कान कुठाय? मी म्हणायचे, शेंगा सोलतोय. त्याच्याशिवाय वर्षभर कसाबसा बाजार चालला, मग संस्थेनं भिंतीवर आकडे दाखवणारे मोठे पडदे बसवले आणि व्यापाऱ्यांच्या हातात बटणं दिली. आता सगळ्यांचे भाव सगळ्यांना दिसतात. म्हातारे कुरकुरले, तरुण खूश झाले. काटिया तोवर मेस्त्रेला गेली होती, एका हॉटेलात खोल्या झाडायला. पोरी तिच्या सोबत, उन्हाळ्यात आजोबांकडे येतात.

मागच्या शरदात एक दिवस मी शिंपले आणायला सेवेरिनोच्या धक्क्यावर गेले. धुकं होतं. तो एकटाच उलट्या पेटीवर बसून शिंपले चाळत होता. तोही म्हातारा दिसायला लागलाय, त्याच्या गुडघ्यांचं मी विचारलं, त्यानं माझ्या बोटांचं विचारलं. मग म्हणाला, ‘एलिदे, एक विचारू का? आता विचारायला हरकत नसावी. ओरेस्ते घरी बसला, बाजारात पडदे आले. आता कसलं गुपित राहिलंय?’

आणि त्यानं त्या सोमवारचा आपला आकडा मला सांगितला.

तो माझ्या आकड्यापेक्षा मोठा होता. थोडाथोडका नव्हे. ऐकण्यात गफलत झाली असेल असं म्हणायची सोय नव्हती, इतका मोठा होता.

‘धाकटी बोट विकायची असं ठरवून गेलो होतो मी,’ सेवेरिनो म्हणाला. ‘म्हटलं याच्यावर कुणी जाऊच शकत नाही. आणि तुम्ही गेलात. कुठून आणलंत गं एवढं?’

माझ्या हातात टोपली होती. मी ती घट्ट धरली.

‘होतं साठवलेलं,’ मी म्हणाले. ‘आईचं सोनं होतं.’

‘तरीच.’ तो मान हलवत राहिला. ‘काटिया फार रडली होती तेव्हा. म्हणाली, बाबा, नोटरीकडे जाऊन कागदावरचा आकडा तरी बघा. मी नाही गेलो. म्हटलं, ओरेस्तेनं नाव घेतलं ना, मग संपलं. त्याच्यावरही विश्वास ठेवायचा नसेल तर या गावात राहायचं कशाला?’

त्यानं टोपली काठोकाठ भरली आणि पैसे घेतले नाहीत. मी द्यायला लागले तर माझी मूठ मिटून परत केली.

घरी यायला मी लांबचा रस्ता घेतला. आधी मला ओरेस्तेचा संताप आला. मी मागितलं नव्हतं. एका शब्दानं मागितलं नव्हतं, कारण तो असं कधी करणार नाही हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. मग डॉक्टरच्या घंट्या आठवल्या, आणि ती दोनदा धुतलेली फरशी, आणि मी त्याला म्हटलेलं एकेक. मी त्याला ऐतखाऊ म्हणत होते, आणि त्यानं आपल्याजवळची एकच गोष्ट विकून मला छप्पर दिलं होतं. ती विकल्यावर पुन्हा लोकांसमोर वाकून उभं राहायचं तोंड त्याला राहिलं नाही. त्याला उरलेलं आयुष्य कुणाचं काही ऐकायचंच नव्हतं.

मेस्त्रेच्या हॉटेलात चादरी बदलणारी काटियाही माझ्या डोळ्यांपुढं आली. खोटं कशाला बोलू, घर सेवेरिनोला द्यावं असं माझ्या मनात आलं. पुलावर ते आलं आणि आमच्या हिरव्या खिडक्या दिसेपर्यंत मनातून गेलंही. आता या वयात कुठं जायचं? मुलाला काय सांगायचं? मी दमले आहे. दमलेल्या माणसाला खरेपणा परवडत नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

ओरेस्तेनं मक्याच्या पिठाचा पोलेंता ढवळून ठेवला होता, तळाला लागला होता. मी टोपली टेबलावर ठेवली.

‘एवढे?’ तो म्हणाला.

‘सेवेरिनोनं दिले. पैसे घेतले नाहीत.’

मी वाढलं. त्यानं काटा उचलला आणि हातात तसाच धरून ठेवला.

‘काही म्हणाला?’

‘काटिया बरी आहे म्हणाला. त्याचे गुडघे दुखतात.’

‘आकडा सांगितला त्यानं?’

लग्न झाल्यापासून ओरेस्तेनं मला कुणाच्या आकड्याबद्दल अवाक्षर विचारलं नव्हतं. तो ताटलीकडे बघत होता. त्याचा हात म्हाताऱ्याचा दिसत होता, आणि मला वाटलं, हा तीन वर्षं याच एका प्रश्नाची वाट बघत इथं बसला आहे. हो म्हटलं असतं तर कदाचित तो सुटला असता. किंवा त्याच दुपारी टोपी घालून सेवेरिनोकडे गेला असता आणि सगळं सांगून मोकळा झाला असता. तो तसा माणूस आहे. मला ते माहीत होतं, आणि म्हणूनच मी उत्तर देताना थांबले नाही.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘त्याला कुठं आठवतंय आता?’

तो हळूहळू जेवायला लागला. करपलेला भाग त्यानं स्वतःकडे घेतला, चांगला मला दिला.